सकाळी गेलेली धार

"मग सकाळपर्यंत ती धार जाते कुठं, चाचा?"

मदारचाचांनी बशीतला चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि खांद्यावरच्या फडक्यानं ओठ पुसले.

समोर हिंदुराव चौगुले मांडी घालून बसले होते. मांडीवर काळी प्लॅस्टिकची पेटी, पेटीवर दोन्ही हात. कुणी हिसकावून नेईल अशा भीतीनं धरलेली.

कुरुंदवाडच्या बाहेर, नदीकडं जाणाऱ्या वाटेवर चिंचेखाली चाचांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठिकाण, आहे. चाचा शिकलगारांच्या घरातले. पन्नास वर्षं पायानं चाक फिरवून त्यांनी गावोगावच्या सुऱ्या, कात्र्या, विळ्यांना धार लावली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा इथं येऊन बसले. लोक दुवा मागायला यायचे, तसेच विळी घेऊनही यायचे. चाचा दोघांनाही बसा म्हणायचे.

हिंदुराव म्हणजे आयटीआयमधले निवृत्त निदेशक, फिटर ट्रेडचे. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं. तीस वर्षं त्यांनी पोरांना मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायला शिकवला आणि चुकणाऱ्याच्या बोटांवर पट्टी मारली. गेले पाच गुरुवार ते चाचांकडं धार लावायला शिकायला येत होते. म्हणजे तसं ते म्हणत. चाचा म्हणत, सरच मला शिकवून जातात.

आज मात्र सरांची दाढी वाढली होती आणि सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात होती.

"पहिल्यापासनं सांग," चाचा म्हणाले.

"संध्याकाळी सुरी पेटीतल्या शिकंज्यात धरतो. स्वयंपाकाच्या सुरीला अठरा अंश, खिशातल्या चाकूला पंचवीस. आधी खरबरीत दगड, मग मधला, मग बारीक. तेलाचे दोन थेंब. पलीकडच्या अंगाला बारीक कोर उलटली की सुरी फिरवायची. शेवटी चामड्यावर ओढायची. कागद धरला की दोन तुकडे."

"बरं."

"सकाळी आंघोळ करून येतो. तीच सुरी कागदाला लावतो. कागद चुरगळतो, फाटत नाही... आज बावीस दिवस झाले."

"किती सुऱ्या?"

"दोन स्वयंपाकघरातल्या. आणि माझा घडीचा चाकू. तिन्हींचं तेच."

चाचांनी हात पुढं केला. सरांनी पेटी दिली.

ही पेटी चाचांनीच निवडून दिलेली. पहिल्या गुरुवारी सरांनी मोबाइलवर तीन पेट्यांची चित्रं आणली होती. चाचांना मोबाइलमधलं काय दिसणार? त्यांनी सगळं सरांकडून वाचून घेतलं. जिच्या फटीतून सुरी नुसती ओढायची, ती पेटी नको म्हणाले. ती धार लावत नाही, लोखंड खाते. बारा दगडांचीही नको, तीन पुरतात. ज्या पेटीत सुरी पक्की बसते आणि दगडाची दांडी डगमगत नाही, ती घे म्हणाले. सरांनी ती मागवली.

आता चाचा बोटांनी चाचपत होते. शिकंजा, दांडी, एकेक दगड.

"दांडी ढिली पडती का?"

"दर वेळी स्क्रू बघतो."

"दगड खोलगट झालं का?"

"पट्टी लावून बघितले. सपाट आहेत."

"मग पेटीत खोट न्हाई."

"तेच तर भय आहे," सर म्हणाले.

त्यांनी एकदा मागं वळून वाटेकडं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"चाचा, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"कसल्या?"

"करणीबिरणी."

"विश्वास न्हाई, तर नाव कशाला काढलंस?"

मोजमापावर उभा जन्म काढलेल्या माणसाला तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटत होती. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती, म्हणून तो शब्द बाहेर आला.

"गेल्या गुरुवारी तुम्ही स्केचपेनचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "धारेवर लाल रंग द्यायचा. दगड लागला तिथला रंग जातो, राहिला तिथं दगड लागला नाही."

"ते धार लावायच्या आधी."

"मी नंतर दिला. धार लावून झाल्यावर. म्हटलं, बघू कोण काढतंय."

चाचांनी मान वर केली. "मग?"

"सकाळी रंग गेलेला. आणि परड्यात, धुण्याच्या दगडाच्या कडेला... लाल रेघ."

"केवढी?"

"सहा इंच. सरळ. कामाचा हात आहे, चाचा. चोराचिलटाचा नाही."

वरून एक चिंच पडली. सर दचकले. चाचा दचकले नाहीत.

"मग तू काय केलंस?"

"परड्याच्या भिंतीवर काचा बसवल्या. मागच्या दाराला नवी कडी केली."

"म्हंजे बाहेरनं कुणीतरी येतंय."

"नाहीतर कुठून?"

चाचांनी मान हलवली. ती हो म्हणायला होती की नाही म्हणायला, ते कळलं नाही.

"काचा बसवल्यावर?"

"तरी धार जातेच. मग चाकू उशीखाली घेऊन झोपायला लागलो." सरांचा आवाज खाली आला. "आज तोही बोथट. उशीखालचा, चाचा. माझ्या डोक्याखालून कुणीतरी चाकू काढतंय आणि परत ठेवतंय. मला झोप लागत नाही. भीती वाटते. या वयात हे कुणाला सांगू?"

त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्या क्षणी कुणालाही त्यांची दया आली असती. चाचांनाही आली.

"घरात कोण असतंय?"

"मी आणि शालन. मुलगा पुण्याला."

"शालनबाई काय म्हणत्यात?"

"बायको काय म्हणणार? कमी बोलते ती. विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत. तीही घाबरलेलीच आहे, चाचा."

"कशावरनं?"

"संध्याकाळी मी पेटी उघडली की तिचा हात थांबतो. भाकरी थापत असली तरी. पेटी मिटेपर्यंत तशीच बसते. एकदा तर भाकरी जळाली."

चाचांनी हातातला दगड पेटीत ठेवला, तो जागेवर बसला नाही, पुन्हा उचलून ठेवला.

"घरात विळी हाय न्हवं?"

"आहे की. तिच्या माहेरची."

"तिची धार?"

सर जरा गोंधळले. "ती... जशीच्या तशी आहे. विळी पेटीत बसत नाही, पाटाला ठोकलेली असते. म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही."

"तुमच्या घरची विळी मी लावतो. शालनबाई घेऊन येत्यात, वर्षातनं एकदा."

"मला कधी बोलली नाही."

"त्या कुणालाच काय बोलत न्हाईत. विळी देत्यात, बसत्यात, धार बघत्यात, जात्यात." चाचा थांबले. "त्या विळीची धार कुणी काढत न्हाई?"

"नाही."

"का?"

सरांनी वर्गात पोरांनी घालावी तशी कपाळाला आठी घातली. "जड आहे म्हणून असेल. पाटासकट उचलावी लागेल."

"हां," चाचा म्हणाले. "विळी हातात घेऊन कुणाच्या अंगावर जाता येत न्हाई."

सरांना ते लागलं नाही. ते अजून परड्याच्या भिंतीचाच विचार करत होते.

"हिंदुराव, पहिल्या गुरुवारी तू आलास, तवा पेटी कशाला पायजे ते मी इचारलंच न्हाई. चुकलं माझं. आता इचारतो. कशाला पायजे होती?"

"सांगितलं होतं की. घरातल्या सुऱ्या चालत नव्हत्या."

"ते कधी कळलं?"

"भाऊबीजेला. मेहुणे आले होते. मी पपई कापायला घेतली. सुरी चालेना. पपईचा नुसता चेंदामेंदा. पाहुण्यांसमोर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, या घरात एक सुरी धड नाही. आणि रोवली टेबलावर."

"कुठं?"

"टेबलावर."

"टेबलावर कुठं?"

"शालननं पपईची ताटली धरली होती. तिच्या हाताच्या बाजूला. लांब होती, चांगली दोन इंच."

"मोजलंस?"

"अंदाज. माझा अंदाज चुकत नाही, चाचा. तीस वर्षं हेच केलं."

"मग?"

"मग काय? मेहुणे हसले. मीही हसलो. विषय तिथंच संपला. तिला लागलं असतं तर गोष्ट वेगळी."

"ती हसली?"

सरांचा हात सदऱ्याच्या चुकलेल्या गुंडीकडं गेला.

"आठवत नाही," ते म्हणाले.

आता मदारचाचांना भीती वाटली. सुरी हातात धरून पन्नास वर्षं काढली, पण दुसऱ्याच्या घरातल्या सुरीची इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. समोर बसलेला माणूस वाईट नव्हता. आपण काय केलं हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि त्याचीच भीती जास्त होती.

"सुरी आणलीस?"

"तिन्ही आणल्यात."

"मोठी काढ. हितं बसून धार लाव."

सरांना बरं वाटलं. हे त्यांच्या हातातलं काम होतं. त्यांनी सुरी शिकंज्यात धरली, स्क्रू आवळला, दांडी अठरावर लावली. तेलाचे दोन थेंब टाकले. मुठीकडून टोकाकडं, एकसारखा दाब. टोकाशी दगड उचलायचा नाही, नाहीतर टोक गोल होतं. हे चाचांनीच शिकवलेलं. दगडाचा आवाज आधी करकरीत होता, मग बारीक होत गेला. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"आता फिरव," ते मधेच म्हणाले. सरांनी बोट लावून पाहिलं. कोर उलटली होती. बरोबर त्याच क्षणी.

तीन दगड झाले. चामडं झालं. सरांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, सुरीवर नुसता ठेवला. दोन तुकडे खाली पडले.

"लागली," सर म्हणाले. इतका वेळ उतरलेल्या चेहऱ्यावर जुना सर परत आला होता.

"झकास लावलीस. माझ्यापेक्षा बरी."

चाचांनी सुरी मागून घेतली. दोघांच्या मधे चिंचेच्या लाकडाचा ठोकळा होता, धार बघायला ठेवलेला.

"हात ठेव."

"कुठं?"

"ठोकळ्यावर. डावा. बोटं पसरून."

सरांनी ठेवला. चाचांनी सुरी मुठीत उलटी धरली, टोक खाली.

"चाचा, काय करताय?"

"रोवतो. तुझ्या हाताच्या बाजूला. दोन इंच लांब."

"तुम्हाला दिसत नाही, चाचा."

"माझा अंदाज चुकत न्हाई."

सर हसले. हसू अर्ध्यावर राहिलं, कारण चाचा हसत नव्हते.

सुरी वर गेली. खांद्याच्या वर गेली आणि थांबली. पात्यावर ऊन पडलं होतं. सरांनी चाचांच्या डोळ्यांत पाहिलं. ते दुधाळ डोळे हाताकडं बघतच नव्हते, सरांच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं बघत होते...

ठोकळ्यावरची बोटं आपोआप आखडली. सरांनी ती पुन्हा पसरली. गुरू म्हातारा आहे, गुरू भला माणूस आहे, गुरू मला काही करणार नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला पटलं. हाताला पटलं नाही. पंज्याखालचं लाकूड ओलं झालं.

सुरी अजून वरच होती.

सरांनी हात काढून घेतला.

"काढलास?"

"हो."

"का?"

"भ्यालो."

"लागली का कुठं?"

"नाही."

"मग गोष्ट येगळी न्हाई. विषय संपला."

सरांना राग आला होता आणि कुणावर ते कळत नव्हतं.

चाचा बसल्या जागेवरून वळले. तकियाच्या पायरीला काळ्या दगडाची कड होती. त्यांनी सुरी उभी धरली, धार दगडावर टेकवली आणि हळू, सरळ, स्वतःकडं ओढली.

खर्र...

"चाचा, धार जाईल!"

खर्र...

सर उठून त्यांचा हात धरणार होते. अर्धे उठलेले तसेच राहिले.

"हा आवाज..."

चाचा थांबले नाहीत. खर्र.

"हा मी रोज ऐकतो," सर म्हणाले. "सकाळी. आंघोळीला बसलो की परड्यातून येतो. मला वाटायचं, शालन तवा घासते."

ते खाली बसले.

नदीकडून धुणं आपटल्याचे आवाज येत होते.

दहा मिनिटं, सरांच्या मनात आलं. आंघोळीला आपल्याला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात ती दोन्ही सुऱ्या घेते. खोलीत येते. उशीखाली हात घालते. परड्यात जाते, दगडावर ओढते, एक, दोन, तीन. पुसते. जिथली तिथं ठेवते. आणि आपण बाहेर आलो की चहा पुढं करते. बावीस दिवस. तिचा हात उशीखाली गेलेला त्यांना दिसला, आणि तो कसा आखडत गेला असेल हेही दिसलं, कारण त्यांचा स्वतःचा मघाशीच आखडला होता.

चाचांनी अंगठ्यानं धार पाहिली. "गेली. आता पपई बी कापायची न्हाई. ठेव हात."

"चाचा..."

"आता धार न्हाई. ठेव."

सरांनी हात उचलला. ठोकळ्यापर्यंत नेला. मघाचा घामेजलेला पंजा लाकडावर उमटला होता, तो वाळत चालला होता. हात त्याच्यावर टेकेना.

"बोथट हाय, हिंदुराव."

"माहीत आहे."

"तरी?"

"तरी."

सरांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. इतके दिवस ते भिंतीपलीकडच्या माणसाला भीत होते. आता त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली. ही भीती आधीच्या भीतीपेक्षा वाईट होती, तिला कडी लावता येत नव्हती.

एकदम ते उठले. "घरी जातो. विचारतो तिला. मला सरळ का नाही सांगितलं—"

चाचांनी त्यांचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"इचारायचं न्हाई."

"पण मी—"

"आवाज बघ तुझा. बस खाली."

सरांना आपला आवाज ऐकू आला. ते बसले.

मग म्हणाले, "सांगू तरी? की आता तसं होणार नाही?"

"ते बी नको. तुझ्या सांगण्यावर तू इश्वास ठेवशील. तिनं कशावर ठेवायचा?"

"मग करू काय?"

"भिंतीवरच्या काचा काढ. बाहेरनं कुणी येत न्हाई."

सरांनी मान हलवली. मग पेटी पुढं ओढली. दगड ओळीनं लावले, दांडी काढून ठेवली, चामडं गुंडाळलं, झाकण लावलं. पेटी ठोकळ्यावर ठेवली. पिशवीतली दुसरी सुरी काढून तिच्याशेजारी ठेवली. शेवटी खिशात हात घालून घडीचा चाकू काढला. तो वडिलांचा होता. क्षणभर मुठीत राहिला, मग तोही ठेवला.

"हे सगळं इथंच राहू दे, चाचा."

चाचांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खांद्यावरचं फडकं काढलं, तिन्ही पाती त्यात गुंडाळली आणि वर एक गाठ मारली.

सर वाटेला लागले. दहा पावलं गेले असतील. थांबले, मागं वळले.

"चाचा... परत न्यायला कधी येऊ?"

चाचांचे डोळे त्यांच्याकडं नव्हते. हात मात्र गाठोड्यावर होता.

"तू येऊ नको," ते म्हणाले. "विळी घेऊन ती येती. तिनं मागितल्या, तर तिच्या हातात देईन."